वायव्येच्या अक्षता

"तें नव्हे, तें नुसतें गवत! त्याच्या मागें पाहा, लांब तुरा आहे तें. नायुरुवी तेंच."

तळमजल्याच्या बाल्कनीतून सकवारबाई ओरडून सांगत होत्या आणि देविका इमारतीशेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गुडघाभर गवतात उभी राहून आघाडा शोधत होती. फाटकाजवळ झेंडावंदनाची तयारी चालली होती. लाउडस्पीकरवर देशभक्तीची तमिळ गाणी लागली होती. वॉचमन झेंड्याची दोरी हातात धरून, या मराठी मॅडम सुटीच्या दिवशी सकाळी सकाळी रान का उपटताहेत, ते पाहत होता. यंदा पंधरा ऑगस्ट नेमका श्रावणातल्या शुक्रवारी आला होता. सरकार आणि जिवती दोघांनी मिळून सुटी दिल्यासारखं झालं होतं.

जिवतीला आघाडा लागतो. सोलापूरच्या मंडईत त्याची जुडी दुर्वांसकट हातात पडते. इथे चेन्नईत, पेरुंगुडीला, फुलवालीला हातवारे करून, मोबाइलवर चित्र दाखवूनही उपयोग झाला नव्हता. शेवटी सकवारबाईंनी त्याचं तमिळ नाव सांगितलं आणि जागाही दाखवली. त्यांचं घराणं तंजावरचं. मराठी बोलायच्या, पण ती अशी, की पहिल्या दिवशी देविकाला वाटलं, या आपली थट्टा करताहेत. पुढे मात्र या इमारतीत आपल्यावर मराठीतून ओरडणारं एक माणूस आहे, याचाच तिला आधार वाटू लागला.

"आज पोर येतो ना?" सकवारबाईंनी विचारलं.

"हो. पुष्कर गेलाय स्टेशनवर."

"ठेवून घेणार, कीं परत पाठवणार?"

"ठेवून घेणार," देविका म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणापुढे हे आपण पहिल्यांदाच म्हणालो.

"बरें. सासूस ठाऊक?"

"पुष्कर सांगणार आहे."

"सेरी," सकवारबाई म्हणाल्या. सेरी म्हणजे बरं, ठीक आहे. पण पुष्कर कितपत सांगेल, याबद्दलचं त्यांचं सगळं मत त्या एका शब्दात आलं होतं. देविकाने आघाड्याचे तुरे मुठीत धरले आणि ती घाईने वर गेली.

यश साडेतीन वर्षांचा असताना सोलापूरला गेला होता, तो थोड्या दिवसांसाठी. देविकाला दुसरं बाळंतपण जड गेलं. डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं, आणि पुष्कर पहाटे ओरगडमच्या मोटार कारखान्याची बस पकडायचा तो दिवे लागल्यावरच घरी यायचा. मग सासूबाई आल्या आणि नातवाला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोटातल्याला सांभाळ. ह्याची काळजी करू नकोस." त्यांनी उपकारच केले, हे देविका आजही नाकारत नव्हती. चीड त्याचीच होती. वाईट वागणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

भव्या दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि काचेच्या पेटीत राहिली. मग साथीची दुसरी लाट आली आणि कुणी कुठे हलेना. मग देविकाची रजा संपली. मग बालवाडीत यशला बाई फार चांगल्या मिळाल्या. मग पहिलीतून मध्येच कशाला काढायचं. मग सासरे गेले, आणि आता आईला एकटं कसं टाकायचं. एकेक कारण येत गेलं आणि प्रत्येक कारण खरं होतं. सासूबाईंना इकडे या म्हटलं तर त्या म्हणत, "तिथं माझं काय आहे? भाजीवाल्याशी भांडताबी येत नाही." एकट्या बाईला सोबत म्हणून कुणी मांजर पाळतं. यांच्याकडे देविकाचा मुलगा होता.

दिवाळीत आणि मे महिन्यात देविका सोलापूरला जाई. यश तिच्याबरोबर हसे, खेळे, बागेत येई, आणि झोपायच्या वेळी उठून आजीच्या खोलीत जाई. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्याला झोप यायची आणि तो आपल्या जागेवर जायचा, इतकंच.

दर श्रावणात सासूबाई जिवतीचा कागद कुरिअरने पाठवत. कसं काय करायचं तेही त्यांनीच फोनवर शिकवलं होतं. "पुरणाचे दिवे कर, लेकरांना ओवाळ. आणि जे लेकरू जवळ नाही, त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात." लेकरू नक्की कुठे आहे हे आईला कळत नव्हतं, त्या काळात चारी दिशा ठीक होत्या. देविकाला पत्ता ठाऊक होता. तिने मोबाइलवर दिशा पाहिली, तर सोलापूर निघालं वायव्येला, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या बाल्कनीकडे. दर शुक्रवारी ती वॉशिंग मशीनला टेकून, कबुतरांसाठी लावलेल्या जाळीतून वायव्येकडे अक्षता टाकी. भव्या बोलायला लागल्यापासून तीही मूठ भरून शेजारी उभी राही आणि "अण्णाला!" म्हणून फेके. अण्णा म्हणजे दादा, हे ती पाळणाघरात शिकली होती.

सकवारबाईंची ओळख त्यातूनच झाली. वरून तांदूळ कोण टाकतं, हे विचारायला त्या तरातरा तीन मजले चढून आल्या होत्या. सोलापूरला निघालेल्या अक्षता त्यांच्या तुळशीत पडत होत्या. देविकाने ओशाळून सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "माझे दोघे अमेरिकेंत. ती कोण दिशा?" देविकाने तीही मोबाइलवर पाहून दिली. तेव्हापासून तुळशीबद्दल तक्रार आली नाही.

देविका तशी देवभोळी नव्हती. माहेरी गणपतीखेरीज फारसं काही नसे. पण भव्या काचेच्या पेटीत होती, तेव्हा तिने कागदावरच्या त्या पाळणा हलवणाऱ्या देवीला हात जोडून सांगितलं होतं, माझी दोन्ही मुलं ठेव. देवीने ठेवली. कुठे ठेवायची ते सांगायचं राहून गेलं.

यंदा जूनमध्ये तिने मनाशी पक्कं केलं. घराजवळच्या शाळेत ती तीन वेळा जाऊन आली. शेवटी त्यांनी यशला येत्या सोमवारपासून पाठवायला सांगितलं. पुष्करनेही मान हलवली होती, शाळेत येऊन सहीसुद्धा केली होती. रविवारच्या परतीच्या गाडीने सासूबाई एकट्या जाणार होत्या आणि ते त्यांना सांगायचं काम पुष्करचं होतं. आधी तो म्हणाला, "निघायच्या आधी सांगतो." मग म्हणाला, "असलं फोनवर कसं सांगायचं? समोर बसून सांगतो." कारखान्यात एक स्क्रू ढिला दिसला तर हा माणूस अख्खी लाइन थांबवतो म्हणे. घरात मात्र त्याची आई समोर आली की याचाच स्क्रू ढिला होतो.

दाराची बेल वाजली तेव्हा डाळ शिजत होती. देविका धावतच गेली.

सासूबाईंच्या हातात दोन पिशव्या होत्या, पुष्करच्या हातात बॅग, आणि दोघांच्या मागे यश. मे महिन्यापेक्षा तो आणखी उंच झाला होता. त्याने बूट काढून भिंतीशी नीट लावले, पाहुण्याकडे लावतात तसे.

"जा, चेन्नईच्या आईच्या पाया पड," सासूबाई म्हणाल्या.

तो वाकला. देविकाने त्याला उचलूनच जवळ घेतलं. त्याने घेऊ दिलं. त्याच्या केसांना तिच्या घरात नसलेल्या तेलाचा वास होता.

"आई, पाणी पाहिजे," तो म्हणाला.

देविका वळली, तोवर सासूबाईंनी पिशवीतली बाटली काढून त्याच्या हातात दिलीही होती. हाक त्यांनाच होती. पुष्कर त्यांना आई म्हणतो, देविकाही आई म्हणते. पोराने घरात जे ऐकलं ते उचललं. मग देविकाला काय म्हणायचं, तर चेन्नईची आई. पुण्याची आत्या असते, नगरचे मामा असतात, तशी. आणि भव्या पाळणाघरातून शिकून आली होती, ती तिला अम्मा म्हणे. दोन मुलं पोटची, पण नुसतं आई म्हणणारं त्यात एकही नव्हतं. भव्याच्या अम्मावर ती एरवी हसे. आज मात्र तिला हसू आलं नाही.

"अण्णा, इंगे वा! ट्रेन काट्टरेन!" भव्या यशचा हात ओढत होती.

"ही काय म्हणायलीय?" यशने आजीकडे बघत विचारलं. आजीला तरी काय कळणार.

"इकडे ये म्हणते. तिची आगगाडी दाखवणार आहे तुला," देविका म्हणाली.

"मग मराठीत सांगायचं की." पण तो गेला. दोघं गाडीचे रूळ जोडत बसली. काही अडलं की भव्या तमिळमधून सांगे, यश सोलापुरीतून सांगे, आणि मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. देविका स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहत होती. महिन्याभरात शिकतील, तिने मनाला समजावलं. मुलं लवकर शिकतात.

सासूबाईंनी प्रवासाचे कपडे बदलले आणि पदर खोचून ओट्याचा ताबा घेतला. घर कुणाचंही असो, ओटा त्यांचा असे. त्यांनी शेंगाची चटणी, कडक भाकऱ्या, घरचं तूप असं सगळं पिशवीतून काढून मांडलं. मग पुरणाचा वास घेऊन म्हणाल्या, "जायफळ घातलंस होय?"

"हो. का?"

"यशला चालत नाही. दोन वर्षं झाली, वास आला तरी उलटी काढतो. असू दे, थोडी डाळ वेगळी काढली असशील तर त्याचं मी निराळं करते."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. देविकाने बाजूला काढलेली डाळ त्यांच्यापुढे सरकवली आणि ती झोपायच्या खोलीत गेली. पुष्कर तिथे पलंगावर बसून मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता.

"सांगितलंस?"

"अगं, आत्ताच तर आलीय ती. जेवण होऊ दे."

जेवण झालं. यशने पुरणपोळी अर्धी टाकली आणि शेंगाच्या चटणीशी कडक भाकरी खाल्ली. भव्याने त्याच्याकडे पाहून चटणीचं बोट चाटलं आणि "कारम, कारम" म्हणत घरभर नाचली. सगळे हसले. त्या हसण्यात देविकाने पुष्करकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच सांगितलं, थोडी पडू दे तिला.

सासूबाई दिवाणावर आडव्या झाल्या. देविका वाती वळत बसली. तिचं सगळं लक्ष पुष्करकडे होतं, आणि पुष्करचं लक्ष आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही ना, याकडे होतं. एवढ्यात आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि भव्या दोन्ही हातांत एकेक काळा बूट घेऊन बाहेर आली. मागून यश.

"हे अण्णाचे!" भव्याने जाहीर केलं. "अण्णा, पोडु! घाल!"

यश जमिनीवर बसला. नवे बूट कुणाला आवडत नाहीत? त्याने नाडी सैल केली, पाय आत घातला. टाच आत जाईना. त्याने मागे बोट घालून दाबून पाहिलं, उभं राहून पाय आपटून पाहिला.

"बसंना," तो म्हणाला.

सासूबाई उठून बसल्या. "कुणाचे बूट गं हे?"

"अण्णाचे! स्कूलचे!" भव्याला एवढी मोठी बातमी सांगायची संधी कधी मिळत नसे. "अण्णा मंडेला माझ्या बसमध्ये येणार. अम्माने सांगितलं."

खालून झेंडावंदनाच्या लाउडस्पीकरवर कुणीतरी अजून आभार मानत होतं. यश एका पायात अर्धा बूट घेऊन तसाच उभा होता.

सासूबाईंनी दुसरा बूट हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला. "दोन नंबर लहान आणलेस."

"दुकानात बदलून देतात," देविका म्हणाली.

"असं आहे होय." त्यांनी बूट खाली ठेवला. "सांगायचं तरी होतंस गं. मी काय कोंडून ठेवलं असतं त्याला?"

"पुष्कर सांगणार होता."

दोघींनी पुष्करकडे पाहिलं. त्याने घसा साफ केला. "म्हणजे, आत्ता बोलायचंच होतं. आई, तसं अजून काही नक्की नाहीये."

"काय नक्की नाहीये?" देविकाचा आवाज चढला. "शाळा नक्की आहे. सोमवार नक्की आहे. तू स्वतः येऊन सही केलीस, पुष्कर. काय नक्की नाहीये ते सांग ना."

"अगं, हळू बोल. मुलं आहेत."

"ने बाई," सासूबाई म्हणाल्या. "तुझाच आहे. नऊ महिने तू वाढवलास. मी काय, राहीन. ह्यांचा फोटो आहे, रेडिओ आहे." त्यांनी पदराने डोळे पुसले. नाटक असतं तर देविकाला सोपं गेलं असतं, पण बाईच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. रेडिओ आणि फोटो असलेलं ते घर देविकाने पाहिलं होतं. तिला त्यांची कीव आली. त्या क्षणी आपल्याला यांची कीव यावी, याचा तिला मनस्वी राग आला.

मग पुष्करला युक्ती सुचली. कारखान्याच्या मीटिंगमध्ये सुचतात तसली.

"आपण यशलाच विचारू ना. शेवटी त्याचं मत महत्त्वाचं."

"पुष्कर, नको," देविका म्हणाली. "आठ वर्षांचाही नाहीये तो. त्याच्यावर टाकू नकोस."

पण पुष्करने विचारलंच. खाली बसून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी चांगल्या बापासारखं विचारलं. "यश, तुला कुठं राहायला आवडेल, बेटा?"

यशने आधी बापाकडे पाहिलं, मग देविकाकडे, आणि मग आजीकडे. त्याचा हात केव्हाच आजीच्या पदराकडे गेला होता.

"घरी," तो म्हणाला.

"हेही घरच आहे ना रे?" देविकाने विचारलं. आपला आवाज इतका केविलवाणा निघाला, हे ऐकून तिची तिलाच लाज वाटली.

यश विचारात पडला. पोरगा मुळात मायाळू. त्याला कुणाला दुखवायचं नव्हतं. "हे तुमचं घर आहे की," तो समजुतीने म्हणाला. "मी सुट्टीत येईन ना. दिवाळीच्या सुट्टीत पण येईन."

त्याने पाय सोडवून घेतला. दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, नाड्या आत खोचल्या, आणि भव्याला म्हणाला, "हे आत ठेव."

पुष्करने एक मोठा श्वास सोडला. त्याचं काम झालं होतं. "वार्षिक परीक्षा होऊ दे," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये बघू आपण. नीट ठरवून."

देविकाला अडून बसता आलं असतं. मुलगा तिचा होता, सोमवारपासून शाळा होती, बूट दुकानात बदलून मिळाले असते. दोन दिवस रडला असता, आठवडाभर रडला असता, आणि मग राहिला असता. मुलं राहतात. पण यशने आजीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ते तो सोडत नव्हता. देविकाला ती सवय ओळखीची होती. साडेतीन वर्षांचा असताना असंच तिच्या गाउनचं टोक त्याने बोटाला गुंडाळलं होतं, आणि पलंगावर पडल्या पडल्या तिने स्वतःच्या हाताने ते सोडवलं होतं, कारण खाली टॅक्सी थांबली होती. तेव्हाही ते त्याच्या भल्यासाठीच होतं. पुन्हा एकदा तेच करायला तिचा हात उचलेना. ती उठली आणि वाती घेऊन स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी सकवारबाई कुंकवाला आल्या. सासूबाईंनी त्यांच्या वयाकडे पाहून आधी त्यांनाच वाकून नमस्कार केला. मग दोघी म्हाताऱ्या आपापल्या मराठीत बोलल्या आणि एकमेकींना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. निघताना दारात सकवारबाईंनी देविकाला हळूच विचारलं, "काय जालें?"

"एप्रिलमध्ये बघू म्हणतात."

"सेरी," सकवारबाई म्हणाल्या. त्यांनी देविकाचा दंड धरून जरा दाबला आणि त्या जिना उतरून गेल्या.

फ्रिजशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला होता. आघाडा आणि दुर्वांची माळ, कापसाचं वस्त्र, पुढे दुधाची वाटी. सासूबाईंनी चष्मा लावून कहाणी वाचली. आपलं मूल दुसरीच्या घरी वाढतंय आणि आई शुक्रवारी त्याच्या नावाने अक्षता टाकतेय, अशी ती कहाणी. वर्षानुवर्षं वाचल्यासारखी त्यांनी ती वाचली, कुठे अडखळल्या नाहीत. आपण काय वाचतोय हे यांच्या लक्षात येतंय का, हे देविका त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होती. कहाणी संपली, त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "दिवे लाव गं."

पाटावर दोन्ही मुलं बसली. यश टोपी घालून आला होता. तो आजीकडे तोंड करून बसला.

"अरे, इकडं कुठं? तिकडं तोंड कर. आईनं ओवाळायचं असतं," सासूबाई म्हणाल्या.

"मग ओवाळ की."

"मी नव्हे रे राजा. ही."

तो पाटावर वळला आणि हात जोडून बसला. देविकाने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताम्हन उचललं. पुरणाच्या दिव्यांमधल्या वातींचा उजेड त्याच्या तोंडावर हलत होता. कपाळ तिच्या वडिलांचं होतं, हनुवटी तिची होती. डाव्या भुवईशेजारी एक जुनी खूण होती. ती कधी, कशाने झाली हे तिला ठाऊक नव्हतं. उदंड आयुष्य दे, ती मनात म्हणाली. एवढंच म्हणायचं असतं. दुसरं काही मागायचं ठरवलं होतं, ते आता तिच्या तोंडी येईना. कितीतरी शुक्रवार या एका शुक्रवारच्या आशेवर तिने काढले होते, आणि तो आला तेव्हा इथून उठून मुलगा कुठे जाऊन बसणार, हे तिला ओवाळतानाच दिसत होतं.

वाती शांत झाल्यावर तिने एकेक दिवा मुलांच्या हातावर ठेवला. यशचा दिवा बिनजायफळाचा होता. ओळखू यावा म्हणून सासूबाईंनी त्याला कडेला चिमटा काढून ठेवला होता.

"थँक्यू," यश म्हणाला.

त्याला चांगलं वळण लावलं होतं. तो दिवा घेऊन उठला, आजीजवळ जाऊन बसला, अर्धा मोडून त्याने आधी तिला भरवला. सासूबाईंनी "नको, तू खा" म्हणत तोंड उघडलं. पुष्कर मोबाइलवर दोघांचा फोटो काढत होता.

"राहिलेल्या अक्षता देवीला वाहा," सासूबाई तोंडातला घास सांभाळत म्हणाल्या.

देविकाने चार दाणे देवीला वाहिले. उरलेल्या मुठीत घेतल्या आणि ती स्वयंपाकघर ओलांडून धुण्याच्या बाल्कनीत गेली. बाहेर अंधारून आलं होतं. मोठ्या रस्त्यावर सुटीहून परतणाऱ्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि ऑफिसांच्या काचेच्या इमारती रिकाम्या असूनही दिव्यांनी उजळल्या होत्या. ती मशीनला टेकून उभी राहिली.

मागून भव्या आली. तिच्या ओठांना पुरण लागलं होतं. तिने नेहमीप्रमाणे हात पुढे केला आणि मग काहीतरी आठवून मागे घेतला. वळून तिने आत पाहिलं.

"अम्मा," ती म्हणाली, "अण्णा तर घरात आहे ना?"

"हो," देविका म्हणाली, आणि तिने अक्षता वायव्येकडे टाकल्या.

थोड्या बाहेर गेल्या. थोड्या जाळीला लागून आत, तिच्या पायांशी पडल्या. तिने खाली बसून त्या एकेक करून वेचल्या आणि पुन्हा टाकल्या.